आंब्याच्या फळीला तेल देताना

जवसाचे तेल दिलेली फळी दुसऱ्या दिवशी सकाळी खिडकीशी नेऊन पाहिली आणि पोटात खड्डा पडला. आदल्या संध्याकाळपर्यंत ती फिकट मधाच्या रंगाची, हात फिरवावासा वाटेल अशी तुळतुळीत फळी होती. आता तिच्यावर काळपट तपकिरी चट्टे उमटले होते. गाठीभोवती एक मोठा, त्याच्या खाली हाताच्या पंजाएवढा दुसरा आणि मधल्या करड्या पट्ट्यात तर एखादी ओली वस्तू रात्रभर ठेवल्यासारखा लांबलचक डाग. लाकडाच्या रेषा खुलाव्यात म्हणून तेल दिले होते आणि नेमक्या त्या रेषाच चट्ट्यांखाली बुडाल्या होत्या.

ही फळी बाजारातून आणलेली असती तर मला एवढे लागले नसते. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ कोकण किनाऱ्यावर आले, तेव्हा दापोली तालुक्यातील आमच्या घरामागचा, आजोबांच्या हातचा रायवळ आंबा मुळासकट उन्मळून पडला. टाळेबंदीमुळे मला पुण्याहून लगेच जाता आले नाही आणि गावातही त्या दिवसांत प्रत्येक जण आपापल्या घराची कौले आणि पत्रे सावरण्यात गुंतला होता, त्यामुळे तो बुंधा सालीसकट संपूर्ण पावसाळाभर चिखलात पडून राहिला. दिवाळीनंतर तो गिरणीवर नेऊन सव्वा इंच जाडीच्या फळ्या काढल्या, तेव्हा आत करड्या-निळसर रंगाचे पट्टे गेलेले दिसले. आंब्याचे लाकूड ओले राहिले की त्याला बुरशी फार लवकर धरते आणि पाठोपाठ भुसा पाडणारी कीडही येते. म्हणून फळ्यांना बोरॅक्स व बोरिक ॲसिडचे पाणी देऊन, मध्ये पट्ट्या घालून त्या पडवीत रचून ठेवल्या. इंचभर जाडीला एक वर्ष असा वाळवणीचा ठोकताळा सुतार सांगतात. मी जवळजवळ दीड वर्ष थांबले. मग पुण्याला आणून आणखी काही महिने त्या येथील हवेत राहू दिल्या आणि २०२२ च्या हिवाळ्यात चार फूट लांब व दोन फूट रुंद असे लिहिण्याचे मेज करायला घेतले. वरचा तक्ता आणि खालचा एक कप्पा आंब्याचा, पाय मात्र पडलेल्या गोठ्याच्या जुन्या सागवानी वाशांचे. चट्टे पडले ते खालच्या कप्प्याच्या फळीवर. वरच्या तक्त्याला मी अजून हात लावला नव्हता, एवढेच समाधान होते.

चूक कोठे झाली हे मला त्या वेळी कळले नाही, कारण डब्यावर लिहिले होते तसेच सर्व केले होते. भरपूर तेल ओतायचे, वीस मिनिटे मुरू द्यायचे, जेथे सुकेल तेथे आणखी द्यायचे आणि शेवटी उरलेले पुसून घ्यायचे. सागाला ही रीत चालते, म्हणून आंब्यालाही चालेल असे मी धरून चालले. डाग काढण्यासाठी मी १२० नंबरच्या पॉलिश पेपरने घासले, मग धार लावलेल्या पोलादी पत्र्याने खरवडले, पण गाठीभोवतीचे तेल इतके खोल गेले होते की मिलिमीटरभर लाकूड निघून गेल्यावरही चट्टा जागच्या जागीच होता. एकदा मुरलेले तेल परत मागता येत नाही. शेवटी ती फळी उलटी करून वापरली आणि डागांची बाजू जमिनीकडे गेली.

त्यानंतर महिनाभर मी तक्त्याला तेल दिले नाही. आधी हे समजून घ्यायचे ठरवले की तेलाने लाकूड खुलते म्हणजे नेमके काय होते. कोरड्या लाकडाच्या पेशींत आणि बारीक नळ्यांत हवा असते. हवेतून लाकडाच्या तंतूत आणि तंतूतून पुन्हा हवेत शिरताना प्रकाश पावलोपावली विखुरतो, आणि त्या विखुरलेल्या प्रकाशामुळे कोरडे लाकूड फिकट, पांढुरके दिसते. हवेचा अपवर्तनांक, म्हणजे आत शिरताना प्रकाश किती वळतो याचे माप, १ धरला तर जवसाच्या तेलाचा सुमारे १.४८ आणि तंतूंचा साधारण १.५५ असतो, हवेची जागा तेलाने घेतली की दोहोंतील अंतर फारच कमी होते, प्रकाश वरच्यावर न विखुरता आत खोलवर जातो आणि रंग गडद व जिवंत वाटू लागतो. ओल्या दगडाचा रंग खुलतो तो याच कारणाने. म्हणजे जितके तेल आत जाईल तितका गडदपणा वाढणार. फळी सर्वत्र सारखे तेल पीत असेल तर हा गडदपणा सारखा येतो, आणि काही भाग अधिक पीत असेल तर तेथे चट्टा पडतो.

आंब्याची फळी सर्वत्र सारखे तेल पीत नाही. तिचे तंतू सरळ जात नाहीत; एका थरात डावीकडे तर पुढच्या थरात उजवीकडे कलतात, आणि गाठीपाशी तर वळून पृष्ठभागाकडेच तोंड करतात. जेथे तंतू पृष्ठभागाला समांतर असतात तेथे तेलाला त्यांच्या भिंतींतून झिरपावे लागते, पण जेथे त्यांची कापलेली तोंडे वर आलेली असतात तेथे नळी उघडीच असते आणि तेल सरळ आत ओढले जाते. त्यात माझ्या फळ्यांमध्ये बुरशीने पोखरलेले करडे पट्टे होते. त्या भागातील लाकूड किंचित भुसभुशीत झालेले असल्याने ते टीपकागदासारखे तेल शोषून घेत होते. चट्टे कोठे पडणार हे फळीने मला आधीच सांगितले होते, मी पाहिले नव्हते.

गावाकडच्या सुतारकाकांना दूरध्वनी केला. त्यांनी आमच्या घराची दारे-खिडक्या केलेल्या आहेत आणि माझ्या वडिलांपासून त्यांचे आमच्याकडे येणे-जाणे आहे. सर्व ऐकून घेऊन ते म्हणाले, "ताई, आंब्याला सागासारखं तेल पाजू नका. आधी चपड्याचा एक पातळ हात द्या, मग तेल. आणि पातळ म्हणजे अगदी पाण्यासारखा, चकाकी आली तर समजा जास्त झालं." (चपडा म्हणजे स्पिरिटमध्ये विरघळवून लावायची लाख.) मी विचारले, "काका, मग तेल आत जाईल का?" त्यावर त्यांचे उत्तर होते, "जाईल तेवढं जाऊ द्या. आधी तुकड्यावर करून बघा, तक्ता कुठे पळून जात नाही."

म्हणून त्याच फळ्यांच्या टोकांचे वीत-वीतभर सहा तुकडे काढले. मुद्दाम असे निवडले की प्रत्येकात गाठीचा किंवा करड्या पट्ट्याचा थोडा तरी भाग यावा, कारण साध्या, स्वच्छ तुकड्यावर कोणतीही रीत चांगलीच दिसते. पहिल्या तुकड्याला जसे कप्प्याला दिले तसेच भरपूर तेल दिले. दुसरा ३२० नंबरच्या, म्हणजे बऱ्याच बारीक पेपरपर्यंत घासून मग तेल दिले. तिसऱ्यासाठी तेलात निम्मे टर्पेंटाइन मिसळले, कारण पातळ केलेले तेल कमी डाग पाडेल अशी माझी अटकळ होती. चौथ्याला आधी चपड्याचा एक पातळ हात, पाचव्याला दोन हात, आणि सहाव्याला तेल न मुरवता, बोळ्याने चोळून दोन मिनिटांत पुसून टाकलेला अगदी हलका हात. प्रत्येकाच्या मागे पेन्सिलीने काय केले ते लिहिले आणि आठवडाभर उत्तरेकडच्या खिडकीत मांडून ठेवले.

पहिल्याने अपेक्षेप्रमाणे चट्टे दाखवले. दुसऱ्यावर ते थोडे सौम्य झाले, विशेषतः कापलेल्या टोकांशी, पण गेले नाहीत. खरे आश्चर्य तिसऱ्याचे होते. टर्पेंटाइन घातलेल्या तेलाचे चट्टे पहिल्यापेक्षा जराही कमी नव्हते आणि करड्या पट्ट्यात तर ते अधिक खोल गेलेले दिसत होते. विचार केल्यावर ते पटले, कारण पातळ झालेले तेल अरुंद नळीत अधिक सहज शिरते, आणि टर्पेंटाइन उडून गेले तरी तेल तेथेच राहते. सहाव्या तुकड्यावर चट्टे जवळजवळ नव्हते, मात्र पहिल्या हातात रंगही फारसा खुलला नाही. पाचवा तुकडा मला सर्वांत निराश करणारा वाटला. त्यावर चट्टा नावालाही नव्हता, पण लाकूडही निर्जीव दिसत होते. चपड्याने सर्व तोंडे बंद केली होती आणि तेल वरच्यावर बसून राहिले होते. चौथ्या तुकड्यात मात्र गाठीभोवतीचा गडदपणा अंगाला शोभेल एवढाच होता आणि रेषाही दिसत होत्या.

चपड्याने हे का साधते ते या तुकड्यांशी बसूनच माझ्या लक्षात आले. स्पिरिटमध्ये विरघळलेला चपडाही तेलाप्रमाणेच जेथे तहान अधिक तेथे अधिक जातो. पण स्पिरिट काही मिनिटांत उडून जाते आणि मागे राहिलेला चपडा नळीच्या तोंडाशी घट्ट होऊन बसतो. म्हणजे जो भाग सर्वांत जास्त पिणारा, त्याचीच तोंडे सर्वांत जास्त भरतात, आणि नंतर येणाऱ्या तेलासाठी सगळी फळी बरीचशी एकसारखी होते. तेल कित्येक तास वाहते राहते, त्यामुळे त्याला स्वतःला अशी अडवणूक करता येत नाही.

याच तुकड्यांनी मला आणखी एक गोष्ट शिकवली आणि या सगळ्या खटाटोपात मला तीच सर्वांत मोलाची वाटते. चौथा तुकडा हातात फिरवून पाहताना त्याच्यावरचे काही गडद पट्टे उजेडाबरोबर सरकत होते. एका बाजूने पाहिले की गडद, दुसऱ्या बाजूने पाहिले की तेच सोनेरी, जणू रेशमी वस्त्रावरून झळाळी फिरावी तसे. पहिल्या तुकड्यावरचे चट्टे मात्र कोणत्याही बाजूने पाहिले तरी काळेच राहत होते. दोन्हींचे मूळ एकच, तंतूंचे वळण. ते वळण प्रकाश कोठे परतवते यातून लहर दिसते, आणि ते वळण किती तेल पिते यातून डाग पडतो. मी तोपर्यंत सर्वच गडद भागांना डाग समजत होते. लहर मारून टाकली तर आंब्याचे लाकूड सपाट, पुठ्ठ्यासारखे दिसते, म्हणून चपडा अधिक देऊन सगळे एकरंगी करणे हा उपाय मला मान्य झाला नाही. तेव्हापासून गडद भाग दिसला की मी आधी फळी खिडकीशी फिरवून पाहते. जो सरकतो त्याला हात लावत नाही.

जानेवारी २०२३ मध्ये तक्ता घेतला. त्या दिवसांत पुण्याची हवा कोरडी असते आणि जवसाच्या तेलाला तीच मानवते. रंधा मारून झाल्यावर पोलादी पत्र्याने खरवडले आणि मग १२०, १५०, १८० आणि २२० असे पेपर क्रमाने वापरले, लाकडी ठोकळ्याला गुंडाळून, धाग्याच्या दिशेने, सर्व तक्त्यावर सारखेच. हे सारखेपण फार महत्त्वाचे आहे. एक कोपरा १८० वर सोडला आणि बाकीचा २२० पर्यंत नेला, तर तो कोपरा अधिक तेल पिऊन वेगळा दिसतो आणि दोष लाकडाचा आहे असे वाटत राहते. कापलेली टोके मात्र मी ४०० पर्यंत नेली, कारण तेथे सगळ्याच नळ्यांची तोंडे उघडी असतात. मध्ये एकदा ओल्या फडक्याने तक्ता पुसून वाळू दिला. पाण्याने दबलेले तंतू उभे राहतात आणि शेवटच्या पेपरने ते कापले जातात.

मग टर्पेंटाइनचा एक हात दिला. हा हात कशासाठी हे प्रत्येक नवशिक्याने समजून घ्यावे असे मला मनापासून वाटते. टर्पेंटाइनने लाकूड क्षणभर तेल दिल्यासारखेच दिसते आणि पाऊण-एक तासात उडून जाऊन लाकूड होते तसे होते. त्या थोड्या वेळात मला तीन गोष्टी दिसल्या: पेपरचे आडवे ओरखडे, जोडाशी वाळून बसलेल्या गोंदाचे दोन फिकट ठिपके आणि करडा पट्टा नेमका कोठून कोठे जातो ते. गोंद बसलेल्या जागी तेल शिरतच नाही, म्हणून तो डाग उलटा, म्हणजे पांढुरका पडतो. हे सारे पेन्सिलीने हलकेच खूण करून ठेवले, गोंद खरवडून काढला आणि त्या जागा पुन्हा २२० ने घासल्या.

चपडा आदल्या रात्री भिजत घातला होता, २५० मिलिलिटर स्पिरिटमध्ये १५ ग्रॅम. चपडा म्हणजे पळस, बोर, कुसुम अशा झाडांवर पोसल्या जाणाऱ्या लाखेच्या किड्यांची देणगी. पूर्वी पॉलिशवाले घरी येत तेव्हा त्यांच्या बाटलीतून येणारा तो वास मला अजून आठवतो. सकाळपर्यंत तळाशी गढूळ मेण बसले होते. वरचे निवळ तेवढे काढून घेतले आणि मलमलमध्ये गुंडाळलेल्या कापसाच्या बोळ्याने संपूर्ण तक्त्यावर एक हात दिला, न थांबता, कारण मध्ये थांबले की कडेची रेघ उमटते. अर्ध्या तासाने फक्त करड्या पट्ट्यावर आणि गाठीभोवती दुसरा हात दिला आणि त्याच्या कडा नुसत्या स्पिरिटच्या बोळ्याने पुसट केल्या. टोकांनाही दोन हात दिले. दुसऱ्या दिवशी ३२० ने अगदी हलके घासले. वरचा पापुद्रा जावा आणि आत गेलेला चपडा तेवढा राहावा, एवढाच हेतू होता.

तेल मी डबल बॉइल्ड जवसाचे वापरले. नावात उकळणे असले तरी त्याच्या लवकर सुकण्याचे श्रेय त्यात मिसळलेल्या कोबाल्ट, मँगेनीज अशा धातूंच्या क्षारांना असते. कच्चे तेल आठवडेच्या आठवडे चिकट राहते. जवसाचे तेल पाण्यासारखे उडून वाळत नाही. ते हवेतला प्राणवायू घेऊन हळूहळू घट्ट होते, आणि तसे होऊ शकते कारण त्यातील निम्म्याच्या आसपास भाग लिनोलेनिक आम्लाचा असतो. घरात खोबरेल आहे, तेच का देत नाही, असे मला नातेवाइकांनी विचारले होते. खोबरेलात असा भाग जवळजवळ नसतो, त्यामुळे ते कधीच वाळत नाही, धूळ धरते आणि पुढे खवट होते. कोकणात होड्यांना आणि जुन्या तुळयांना काजूच्या टरफलांचे तेल देतात. ते लाकूड उत्तम राखते, पण काळे करते. रेषा पाहायच्या असतील तर ते येथे कामाचे नाही.

पहिला हात फक्त ४० मिलिलिटरचा. आठ चौरस फुटांच्या तक्त्याला ते पुरले. बोळ्याने चोळले, पाच मिनिटांत जुन्या सुती धोतराच्या कोरड्या तुकड्याने पुसले, आणि मग पुढचे तीन तास दर वीस-पंचवीस मिनिटांनी येऊन पाहत राहिले, कारण आंब्याच्या मोठ्या छिद्रांतून तेल परत वर येते. ते थेंब तसेच राहिले तर वाळून चकचकीत पुटकुळ्या होतात. तीन दिवसांनी दुसरा हात, आणखी तीन दिवसांनी तिसरा, मग आठवडाभराने चौथा. रंग खुलला तो दुसऱ्या आणि तिसऱ्या हातात, एकदम नव्हे. तिसऱ्या दिवशी सकाळी तक्त्यावर कलता उजेड आला तेव्हा गाठीपासून निघालेल्या लहरी सगळ्या रुंदीभर पसरलेल्या दिसल्या आणि करडा पट्टा त्यांच्यामधून एखाद्या ओहोळासारखा गेलेला होता. मी बराच वेळ तेथेच उभी होते.

चिंध्यांविषयी मात्र लिहिल्याशिवाय राहवत नाही. जवसाचे तेल घट्ट होताना उष्णता निर्माण होते. फळीवर ती हवेत निघून जाते, पण तेलकट चिंध्यांचा बोळा कोपऱ्यात टाकला तर ती आतच साठत जाते आणि काही तासांत, काडी न लावता, तो बोळा पेट घेऊ शकतो. २३ फेब्रुवारी १९९१ रोजी अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहरात वन मेरिडियन प्लाझा या ३८ मजली इमारतीला लागलेली आग जवसाच्या तेलाने भिजलेल्या चिंध्यांपासूनच सुरू झाली होती, आणि तीत तीन अग्निशामक जवान मृत्युमुखी पडले. मी प्रत्येक चिंधी गच्चीतल्या दोरीवर एकेरी पसरून वाळवली आणि कडक झाल्यावरच टाकली. गच्ची नसेल तर पाण्याने भरलेल्या बादलीत बुडवून ठेवावी.

सागवानी पायांना चट्ट्यांची भीती नव्हती. त्यांचा त्रास वेगळाच निघाला. सागाच्या अंगचे स्निग्ध द्रव्य बाहेरच्या तेलाला सुकू देत नाही, आणि पहिला हात पाचव्या दिवशीही बोटाला लागत होता. तो टर्पेंटाइनने पुसून काढला, दुसऱ्या वेळी आधी स्पिरिटने पाय पुसले आणि लगेच अगदी पातळ हात दिला. मग तीन दिवसांत सुकला.

मेज आता रोज वापरात आहे. डाव्या मागच्या कोपऱ्यात एक दोन बोटांएवढा काळसर डाग आहे, तेथे चपड्याचा हात पोहोचला नव्हता आणि तो फिरवून पाहिला तरी सरकत नाही. रंग पहिल्या वर्षात थोडा पिवळसर सोनेरी झाला. जवसाचे तेल वयाप्रमाणे पिवळे होते हे ठाऊक असल्याने मी त्यासाठी तयार होते. दर मे महिन्यात, पाऊस सुरू होण्याआधी, दोन चमचे तेल चोळून पुसून घेते. एका वर्षी ते जुलैपर्यंत लांबले आणि दमट हवेत तक्ता दहा दिवस चिकट राहिला, कागद त्याला धरून बसत होते.

दापोलीच्या पडवीत अजून तीन फळ्या आहेत. त्यांतली सर्वांत रुंद फळी देव्हाऱ्याला लावायची आहे. तिला मध्यभागी मोठी गाठ आहे आणि करडा पट्टा दोन्ही कडांना गेलेला आहे. गेल्या खेपेला तिच्या टोकाचे चार तुकडे कापून आणले आहेत आणि मागच्या बाजूला पेन्सिलीने आकडे घातले आहेत.